एका पेशंटभोवती चार कॉलेजं

आमच्याकडं पहिलं सर्क्युलर आलं तेव्हा स्टाफरूममध्ये एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आयपीई कार्यशाळा, सर्वांनी उपस्थित राहावे, आणि लगेच दुसरा म्हणाला ही आता कुठली नवीन परीक्षा काढली. परीक्षा नव्हती ती. इंटरप्रोफेशनल एज्युकेशन. म्हणजे एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी अशा वेगवेगळ्या लायनीतल्या पोरापोरींना शिकत असतानाच एकत्र आणायचं, की पुढं वॉर्डात गेल्यावर एकमेकांशी बोलायला जड जाऊ नये. ऐकायला एकदम सोपं वाटतं. मी या भानगडीत सुरुवातीपासून आहे आणि बरेच जण विचारतात तुम्ही नेमकं करता काय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

मी कोल्हापुरात नर्सिंग ट्यूटर आहे, पुरुष, म्हणजे ब्रदर. त्याच्या आधी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात ड्युट्या केल्यात, नाईट धरून. पुरुष असल्यामुळं पेशंटचे नातेवाईक मला डॉक्टर समजायचे आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या लेडी डॉक्टरला सिस्टर म्हणून हाक मारायचे, त्यामुळं कोण काय काम करतं हे लोकांना किती माहीत असतं याचा अंदाज मला आधीपासून होता. लोकांचं सोडा हो, एकाच कॅम्पसवर पाच-पाच वर्षं काढलेल्या पोरांनासुद्धा माहीत नसतं, हे मात्र नंतर कळलं. कॉलेजांची नावं लिहीत नाही, कोल्हापूर केवढं ते सगळ्यांना माहिताय.

पहिली कार्यशाळा पोरांची नव्हती, आमची होती, शिक्षकांची. बाहेरून एक मॅडम आलेल्या, त्यांनी सगळा इतिहास सांगितला. ब्रिटनमध्ये १९८७ साली यासाठी केप नावाची संस्था निघाली, त्यांची व्याख्या अशी की दोन किंवा जास्त व्यवसायांतली माणसं एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात तेव्हा त्याला आयपीई म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८८ ला यावर रिपोर्ट काढला, मग २०१० ला मोठा आराखडा काढला. स्वीडनमध्ये लिनशॉपिंग म्हणून गाव आहे, तिथं १९८६ पासून हे चालू आहे आणि १९९६ पासून एक आख्खा वॉर्ड विद्यार्थीच चालवतात, डॉक्टरकीचे, नर्सिंगचे, फिजिओचे, ऑक्युपेशनल थेरपीचे, मागं सिनियर उभे असतात पण पेशंट बघायचा पोरांनी. हे ऐकून मागनं एक डॉक्टर पुटपुटले, आमच्याकडं पण इंटर्नच चालवतात की. हशा झाला. पण मला त्यात एक गोष्ट दिसली की तिथं 'मिळून' चालवतात, आपल्याकडं इंटर्न वेगळा चालवतो, सिस्टर वेगळी चालवते, आणि दोघांना जोडणारा कागद म्हणजे केसपेपर, ज्याच्यावरचं अक्षर कुणालाच लागत नाही.

चहाच्या सुट्टीत पहिला प्रश्न काय आला माहिताय का, क्रेडिट पॉइंट किती मिळणार. नोंदणी टिकवायला मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० लागतात, त्यामुळं डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता, मी नावं ठेवत नाही. पण बसलो कसे होतो बघा, पुढच्या दोन रांगा मेडिकलच्या, मग फिजिओ, मग फार्मसी, आणि सगळ्यात मागं दाराजवळ आमच्या नर्सिंगच्या मॅडम लोक. कुणी सांगितलं नव्हतं बसायला असं. बाहेरच्या मॅडमनी ते बघितलं, बोलल्या काही नाहीत, फक्त दुपारी टेबलं गोल लावून चिठ्ठ्यांवर नंबर दिले. दुपारच्या त्या गोल टेबलावर मी आणि सर्जरीचे एक सर शेजारी बसलो, एकाच हॉस्पिटलात इतकी वर्षं काढून आम्ही खुर्चीवर शेजारी पहिल्यांदा बसत होतो.

मॅडमनी अजून एक काम केलं ते म्हणजे एमबीबीएसचा नवीन अभ्यासक्रम काढून दाखवला, २०१९ पासून लागू झालेला. त्यात डॉक्टरनं काय काय व्हायचं अशा पाच भूमिका आहेत आणि त्यातली एक आहे 'आरोग्य टीमचा लीडर आणि सदस्य'. लीडरपर्यंत सगळे वाचतात, 'आणि' च्या पुढं कुणी जात नाही असं मला वाटतं. तो एटकॉम म्हणून भाग आहे ना, वागणूक, नीतिमत्ता, संवाद वगैरेचा, त्याच्या तासांत हे बसवता येईल असं ठरलं आणि मेडिकलच्या बाजूनं दार उघडलं.

मग टाइमटेबल. बाबांनो, या सगळ्यात सगळ्यात अवघड काय असेल तर ते टाइमटेबल आहे, बाकीचं सगळं त्याच्या नंतर. मेडिकल, नर्सिंग, फिजिओ हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली, फार्मसी मात्र तिथं नाही, आमच्याबरोबरची फार्मसी शिवाजी विद्यापीठाकडं, त्यामुळं परीक्षा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या, प्रत्येकाचं कौन्सिल वेगळं आणि प्रत्येक कौन्सिलला आपले तास भरलेले पाहिजेत. आमच्या पोरी सकाळी वॉर्डात ड्युटीला, एमबीबीएसची पोस्टिंग सकाळीच, फिजिओची ओपीडी सकाळीच, आणि फार्मसीचं लॅब दुपारी. चारी कॉलेजांचे टाइमटेबल-इनचार्ज एकत्र बसवले तर प्रत्येकजण म्हणायचा आमचं सोडून बाकीच्यांचं हलवा. एका विभागप्रमुखांनी तर स्पष्ट सांगितलं, आमच्या पोरांनी नर्सिंगच्या पोरींबरोबर बसून काय शिकायचं, त्यापेक्षा एक सेमिनार जास्त होईल. कोण ते लिहीत नाही, रिटायर झाले आता. शेवटी शनिवार दुपार मिळाली, कारण ती कुणालाच नको होती.

पहिला शनिवार वाया गेला असं मी सरळ लिहितो. मोठा हॉल, चार कॉलेजांची पोरं, आणि समोर लेक्चर, विषय 'टीमवर्कचे महत्त्व'. पोरं आपापल्या कॉलेजच्या घोळक्यात बसली, मोबाईल बघितला, समोसा खाल्ला, गेली. तालमीबाहेर कट्ट्यावर बसून कुस्ती शिकल्यागत झालं ते. एका छताखाली बसवलं म्हणजे एकत्र शिकली असं होत नाही, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी असंच हॉलमध्ये बसवून फोटो काढून रिपोर्ट पाठवतात, त्याला आयपीई म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वेळेपासून बदललं. आठ-नऊ जणांचे गट, प्रत्येक गटात प्रत्येक लायनीतले निदान दोन तरी, कारण एकटा पडला की पोरगं तोंड उघडत नाही. सुरुवातीला चिठ्ठ्या वाटल्या, दुसऱ्या लायनीतला माणूस दिवसभर काय करतो ते लिहा, नाव टाकू नका. त्या चिठ्ठ्या मी अजून ठेवल्यात. नर्सबद्दल लिहिलेलं, 'डॉक्टरांच्या ऑर्डरी पाळते, इंजेक्शन देते, रागावते'. फिजिओबद्दल, 'हातपाय वरखाली करतात'. फार्मसीबद्दल एकानं लिहिलं, 'सुट्टे नसले की चॉकलेट देतात'. आणि डॉक्टरांबद्दल आमच्या पोरींपैकी कुणीतरी, मला अक्षर ओळखू आलं पण मी बोललो नाही, 'राउंडला येतात, आणि जातात'. वाचून दाखवल्यावर हॉल नुसता हसत सुटला, फार्मसीची पोरगी उठून म्हणाली चॉकलेट मी कधीच कुणाला दिलेलं नाही, मला वॉर्डात प्रिस्क्रिप्शन तपासायला शिकवलंय पण मला वॉर्डात कुणी घेत नाही. तिथून पुढं खरं बोलणं सुरू झालं.

आता मुख्य भाग, वॉर्डातला. आम्ही ठरवलं की प्रत्येक गटाला एक पेशंट द्यायचा, खरा, आणि तो घरी जाईपर्यंत त्याचा प्लॅन गटानं मिळून लिहायचा. पेशंटची आणि घरच्यांची परवानगी घेऊनच, आणि पोरांनी काही करायचं नाही, बघायचं, विचारायचं, लिहायचं, आणि काही सापडलं तर ड्युटीवरच्या डॉक्टर-सिस्टरला सांगायचं. सगळ्यात जास्त ज्यात शिकायला मिळालं तो पेशंट लकव्याचा होता. भुदरगडकडचे बाबा, उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. केसपेपरवर लिहिलेलं, मऊ आहार चालू. गट गेला तेव्हा बाबांची बायको त्यांना आडवंच ठेवून, मानेखाली उशी, चहात बुडवलेला पाव भरवत होती. एमबीबीएसच्या पोरानं रिफ्लेक्स बघितले, पॉवर बघितली, सीटी स्कॅन वाचला, छान सांगितलं सगळं, मेंदूच्या कुठल्या भागात रक्त पोचलं नाही ते. आमची थर्ड इयरची पोरगी मात्र त्या घासाकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, बाबा प्रत्येक घासानंतर खोकतायत आणि त्यांचा आवाज घुरघुर येतोय, पाणी साठल्यासारखा.

पोरगा म्हणाला, पण सरांनी ऑर्डर लिहिलीय ना. ती गप्प बसली. इथं मी मध्ये पडलो नाही, मुद्दाम, फिजिओच्या मॅडम पण पडल्या नाहीत. मग त्याच पोरानं स्वतःच विचारलं, तू काय केलं असतंस? ती म्हणाली आधी पाव थांबवला असता, ताठ बसवलं असतं, आणि मग चमच्यानं थोडं थोडं पाणी देऊन बघितलं असतं, प्रत्येक चमच्यानंतर गिळतायत का, खोकतायत का, आवाज ओला होतोय का, आणि एकदा जरी झालं तर तोंडानं देणं बंद करून डॉक्टरला सांगायचं. लकव्याच्या पेशंटला काहीही तोंडानं द्यायच्या आधी गिळणं तपासायचं असतं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, हे त्या पोरालाही पुस्तकातनं पाठ होतं, एमसीक्यू आला असता तर बरोबर टिक केला असता. समोर पाव चाललेला असताना त्याला ते दिसलं नाही एवढंच. रेसिडेंट डॉक्टरला बोलावलं, तिनं येऊन तपासलं, तोंडानं देणं थांबवलं, नाकातनं नळी टाकली. ती रेसिडेंटही भली, ती म्हणाली बरं झालं सांगितलंत, ऑर्डर लिहिली तेव्हा बाबा जरा बरे होते.

नळी पडली आणि फार्मसीचा नंबर लागला. आता गोळ्या कुटून नळीतनं द्यायच्या. खलबत्त्यात सगळ्या एकत्र कुटून पाण्यात कालवून देणं हे आपल्याकडं सर्रास चालतं, मी स्वतः वॉर्डात रोज होताना बघितलंय. फार्मसीच्या पोरीनं यादी घेतली आणि पेननं दोन ठिकाणी गोल केला. ॲसिडिटीची जी गोळी आहे, पॅन्टोप्राझोल, तिच्यावर पोटातल्या ॲसिडपासून वाचवायला कोटिंग असतं, कुटली की ते कोटिंग गेलं, औषध वाया. आणि बीपीची जी गोळी होती ती हळूहळू सुटणारी, एक्सएल, ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम जातो. दोन्हीला दुसरे पर्याय काय ते तिनं लिहून दिले, आणि वर म्हणाली फिट्सची फेनिटोइन चालू असती तर नळीतल्या फीडच्या आधी-नंतर अंतर ठेवावं लागलं असतं, फीडबरोबर ती नीट शोषली जात नाही. एमबीबीएसची पोरं तिच्याकडं बघत राहिली. चॉकलेटचा विषय त्या गटात पुन्हा निघाला नाही.

फिजिओवाल्यांचं तर अजून वेगळंच. चादर बदलायला आमच्या पोरींनी बाबांना वर ओढायला सुरुवात केली, एकीनं उजव्या काखेत हात घातला, आणि फिजिओचा पोरगा ओरडलाच, ओढू नका तो हात! लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा सैल असतो, त्या हाताला धरून ओढलं की खांदा निसटतो आणि मग महिनोन्महिने दुखतो, पेशंट व्यायाम करायलाच तयार होत नाही. मग त्यानं दाखवलं, गुडघा दुमडून घ्या, खांद्याच्या पाठीमागनं आणि कमरेला आधार द्या, खाली आडवी चादर टाकून तिच्यासकट सरकवा, आणि झोपवताना लुळ्या हाताखाली उशी. वॉर्डातल्या मावशी पण येऊन बघायला लागल्या. मावशी म्हणाल्या, आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई कधी, आम्ही आपलं हाताला धरूनच ओढतोय. पेशंटला दिवसातनं सगळ्यात जास्त वेळा कोण हलवतं, तर मावशी आणि मामा. त्यांना कुठल्याच कॉलेजनं बोलावलेलं नव्हतं. पुढच्या वेळेपासून आम्ही वॉर्डातल्या दोन मावशींना गटात बसवायला लागलो, त्यावरनं पण थोडी कुरकुर झाली, पण झालं.

डिस्चार्जच्या प्लॅनमध्ये बायकोला विचारलं, घरी संडास कसला, घरात पायऱ्या किती, रात्री कोण असतं. संडास बाहेर, परड्यात, भारतीय पद्धतीचा, आणि पोरगा पुण्यात कंपनीत. गटानं आधी लिहिलेला अर्धा प्लॅन तिथंच खोडावा लागला.

वॉर्डाचं झालं, आता फोनचं सांगतो, हा माझा आवडता तास. एसबीएआर म्हणून पद्धत आहे, परिस्थिती काय, आधीचं काय, मला काय वाटतंय, आणि तुम्ही काय करावं, या क्रमानं बोलायचं. अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवर वापरायचे, तिथनं कैसर पर्मनेन्टे या हॉस्पिटल कंपनीनं उचललं. आम्ही काय करतो, रात्री अडीचचा सीन, सिस्टरनं झोपलेल्या डॉक्टरला फोन लावायचा. आधी काही न शिकवता करायला लावतो. आमची पोरगी फोन लावते, 'सर, ते बारा नंबरचे पेशंट जरा बरं वाटत नाही म्हणतायत', तिकडनं 'बरं, बघतो', फोन बंद. मग क्रमानं. 'सर, मी मेडिसिन वॉर्डातनं सिस्टर बोलते, बारा नंबरचा पेशंट, श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजन ८६ आलाय. कालच न्यूमोनियासाठी ॲडमिट, संध्याकाळी ९४ होता. मला वाटतंय तो बिघडतोय. ऑक्सिजन चालू केलाय, तुम्ही आत्ता येऊन बघावं.' पहिले तीन तुकडे पोरी पटकन शिकतात. चौथा, 'तुम्ही आत्ता यावं', हा त्यांच्या तोंडातनं निघत नाही. गडहिंग्लजकडची एक हुशार पोरगी होती, सगळं बरोबर बोलायची आणि शेवटी 'म्हणजे सर, तुम्हाला जमलं तर' असं म्हणायचीच. तीन वर्षांत आम्हीच शिकवलेलं असतं ना, ऑर्डर घ्यायची, सांगायचं नाही.

आणि खरी मजा भूमिका उलट केल्यावर. एमबीबीएसचा पोरगा सिस्टर होतो आणि चिडलेला डॉक्टर होतो मी. मला नाईटचे अनुभव भरपूर, त्यामुळं मी अगदी मनापासून चिडतो. 'एवढ्यासाठी उठवलं का? बीपी घेतलं का? युरिन किती? नाही घेतलं? मग फोन कशाला लावला?' पोरगा घामाघूम. एक तर फोन हातात धरून म्हणाला, सर असं खरंच बोलतात का? मागच्या बाकावरनं सगळ्या नर्सिंगच्या पोरी एका सुरात, होऽऽ. त्या दिवशी संध्याकाळी तो गट स्वतःहून मिसळ खायला गेला एकत्र, आम्ही न सांगता. इंटर्ननी पैसे दिले, कारण स्टायपेंड त्यांनाच मिळतो.

पुराचा सराव पण घेतो, तो थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या पोरांना परदेशातला भूकंपाचा प्रसंग दिला तर त्यांना काही वाटत नाही, पण 'राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलंय, चिखली-आंबेवाडीची माणसं शाळेत आणलीत' असं म्हटलं की डोळे उघडतात, २०१९ आणि २०२१ सगळ्यांनी बघितलंय. कागदी पेशंट देतो, डायलिसिसवाला, नववा महिना भरलेली बाई, इन्सुलिन घेणारे आजोबा आणि कॅम्पात लाईट नाही. इन्सुलिनवर सगळे अडकतात, फ्रिज नाही म्हणून टाकून द्यायला निघतात, तेव्हा फार्मसीवाले सांगतात की वापरात असलेली बाटली तीस डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे चालते, गार जागी ठेवा, ओल्या मडक्यात ठेवा, उन्हात ठेवू नका. लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातनं होणारा ताप, त्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सगळ्यांना वाटा म्हणून एमबीबीएसवाले सांगतात, आणि नर्सिंगची पोरगी यादी बघून म्हणते, गरोदर बायका आणि लहान पोरं बाजूला काढा आधी. बरं चालतं हे.

गावातली भेट मात्र मला अजून नीट जमलेली वाटत नाही, वेळ कमी पडतो. करवीर तालुक्यातल्या एका गावात जातो, आशाताई घरोघरी नेतात. एका घरी आज्जी, बीपीच्या, गोळ्या चालू असून बीपी खाली येत नाही. पोरानं दारातच बीपी घेतलं, आज्जी नुकत्याच गुऱ्हाळावरनं चालत आलेल्या, १८० भरलं. आमच्या पोरीनं त्यांना पाच मिनिटं टेकून बसवलं, स्वेटरची बाही काढायला लावली, बोलू नका म्हणाली, १६२ आलं. तरी जास्तच. मग एमबीबीएसवाले गोळी वाढवायच्या गोष्टी करायला लागले. फार्मसीच्या पोरीनं विचारलं, आज्जी दुसऱ्या कसल्या गोळ्या खाता का. आज्जींनी कनवटीतनं एक पाकीट काढलं, गुडघ्यासाठी, मेडिकलमधनं आणलेली डायक्लोफेनॅक, रोज दोन. असल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं, किडनीला त्रास होतो. आणि आशाताई मागनं म्हणाल्या, 'अहो सर, ती बीपीची गोळी तर चक्कर आली तरच खातीया. रोज खाल्ली की संपती म्हणून राखून ठेवतीया.' बघा आता. चार लायनीतली आठ पोरं आणि खरी गोष्ट माहीत होती ती आशाताईला. फिजिओच्या पोरीनं आज्जींना जोत्यावर बसवून गुडघ्याचा व्यायाम शिकवला, मांडीचा स्नायू आवळून पाय सरळ करायचा, गोळी संपली की पीएचसीतनं आणायचं आशाताईनं अंगावर घेतलं, आणि आज्जींनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले.

मोजमापाबद्दल थोडं. सुरुवातीला आणि शेवटी पोरांकडनं एक फॉर्म भरून घेतात, रिपल्स म्हणतात त्याला, १९९९ साली ब्रिटनमध्ये काढलेला, १९ प्रश्न. 'दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकल्याने मी चांगला टीम सदस्य होईन', सहमत की असहमत. आता असल्या प्रश्नाला कुठलं पोरगं असहमत लिहील? पहिल्याच दिवशी सगळ्यांचे भरभरून मार्क, मग शेवटी वाढणार काय, कप्पाळ. जगभरातला पुरावा पण अजून धड पक्का नाही, २०१३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे जगभरातले अभ्यास गोळा करून तपासतात त्यात, नीट केलेले असे १५ अभ्यास मिळाले, ७ मध्ये फायदा, ४ मध्ये कुठं फायदा कुठं नाही, ४ मध्ये काहीच फरक नाही, आणि सगळे एकमेकांपेक्षा इतके वेगळे की एक निष्कर्ष काढता आला नाही. त्यामुळं कुणी स्टेजवरनं सांगायला लागलं की यानं मृत्यूदर कमी होतो तर मी तरी टाळ्या वाजवत नाही. मला पटतं ते वॉर्डात दिसतं म्हणून. त्या बॅचचे इंटर्न फोन उचलून 'बोला सिस्टर, काय आलंय' म्हणतात, हे नाईटच्या सिस्टर मला येऊन सांगतात. हे फॉर्मवर कुठं टिक करायचं ते मला माहीत नाही.

आणि माझा अनुभव असा की पोरं भराभर शिकतात, अडतं ते आमच्या वयाच्या लोकांपाशी. गटाला मदत करायला बसवलेले शिक्षक स्वतःच लेक्चर द्यायला लागतात, विशेषतः मेडिसिनवाले, सवयच असते, आणि आमच्या नर्सिंगच्या मॅडम डॉक्टर बोलायला लागले की वही काढून लिहून घ्यायला लागतात, विद्यार्थिनींच्या समोर! म्हणून आता प्रत्येक गटाला दोन वेगळ्या लायनीतले शिक्षक देतो आणि नियम असा की पहिली वीस मिनिटं शिक्षकांनी बोलायचं नाही. हा नियम पाळायला मलाच सगळ्यात जड जातं.

मार्क नाहीत तिथं पोरं टिकत नाहीत हे पण खरंय. परीक्षा जवळ आली की शनिवारचा हॉल रिकामा. म्हणून एमबीबीएसच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, यासाठी एक पान घातलं, आणि त्याच्यावर सही दुसऱ्या लायनीतल्या शिक्षकाची पाहिजे असं ठरवलं. झालं, नर्सिंग ट्यूटरनं एमबीबीएसच्या लॉगबुकवर सही करायची म्हणजे काय, यावर मीटिंगवर मीटिंग. नियमात बसत नाही म्हणे. कुठल्या नियमात ते कुणी दाखवलं नाही. सध्या तोडगा असा निघालाय की दोन सह्या, आधी माझी आणि खाली त्यांच्या विभागाची.

कुणाला आपल्याकडं सुरू करायचं असेल तर माझं ऐका, हॉल बुक करू नका, वॉर्डातला एक पेशंट धरा, लकव्याचा किंवा शुगरनं पाय चिघळलेला, त्यात सगळ्यांना काम असतं. मावशींना आणि आशाताईला विसरू नका. समोसे सांगा, शनिवारी दुपारी उपाशी पोरं काही शिकत नाहीत. आणि टाइमटेबलवाल्या माणसाशी आधीपासून दोस्ती ठेवा. आमची पुढची बॅच जुलैत सुरू होतीय, यंदा आहारतज्ज्ञांचा कोर्स करणाऱ्या पोरी पण येणार आहेत, नळीतनं फीड किती आणि कसलं हा प्रश्न दर वेळी अधांतरी राहायचा तो सुटेल. फक्त फार्मसीची सेमिस्टर परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात लागलीय, त्यांच्या सरांना उद्या भेटायला जायचंय.